ब्लोअरच्या हबचे बोल्ट सैल होतात, विमानासारखी लॉकिंग वायर कशी बांधायची?

ब्लोअर_दुरुस्ती, पिंपळगाव बसवंत
नमस्कार. द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागून पंख्याने औषध फवारणाऱ्या ब्लोअरची कामं करतो. फॅनचा हब (मधला भाग) गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (चकतीवर) एम-१० च्या, म्हणजे १० मिमी जाडीच्या, सहा बोल्टांनी बसतो, बोल्ट थेट फ्लँजच्या आट्यांत जातात. पाती हबला एम-८ नट-बोल्टने धरलेली. गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर) फवारण्या लागल्या की पंधरा दिवसांत हबचे बोल्ट हाताने फिरतात. स्प्रिंग वॉशर आहेत. डोक्यांना भोकं पाडून बाइंडिंग वायर बांधली, तीही तुटली. ओझरला १९६४ साली मिग विमानांसाठी सुरू झालेला एचएएलचा कारखाना, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, देवळालीत तोफखाना, म्हणजे नाशकात या कामातली निवृत्त मंडळी भरपूर. विमानात तार टिकते, मग इथे का तुटते?

एअरफ्रेम_फिटर_निवृत्त
दादा, बाइंडिंग वायर आधी काढून टाका. ती मऊ लोखंडाची असते आणि बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यात) चुना कमी पडला की मोरचूद लोखंडही खातो, वरचं जस्तही. ०.८ मिमीची मऊ केलेली स्टेनलेस लॉकिंग वायर घ्या.

भोक दीड मिमीचं, डोक्यातून आडवं आरपार. ८.८ ग्रेडचा (मजबुतीचा आकडा, डोक्यावर लिहिलेला असतो) बोल्ट कोबाल्ट ड्रिलने, कटिंग ऑइल टाकत, सावकाश भोकला जातो. त्याहून कडक १२.९ च्या नादी लागू नका. भोक पाडल्यावर दोन्ही तोंडांची धार मोडायलाच हवी. नखाने चाचपून बघा, नख अडकलं तर तिथेच तार कापली जाणार. निम्म्या तारा अशाच तुटतात.

बोल्ट आधी पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या आवळण्याच्या जोराला) आणा, मग तार. तार दुहेरी पिळाची. एक टोक भोकातून काढायचं, दुसरं डोक्याला वळसा घालून त्याच्याजवळ आणायचं आणि तिथून पीळ सुरू. या जाडीला एका इंचात सहा ते आठ पीळ बसतात. जास्त पिळलं की तार कडक होते आणि कंपनाने मोडते. कमी पिळलं तर ढिली राहते. साध्या पक्कडीचे दात तारेत रुतले तर तो तुकडा फेका, ओरखड्यावरच तार तुटते. पीळ ज्या भागाला पडणार तिथे पक्कड लावूच नका, टोकाला धरा.

दिशेवर सगळा खेळ आहे. पहिला बोल्ट उघडण्याच्या बाजूला वळायला लागला की तार ताठ होऊन दुसऱ्याला आवळण्याच्या बाजूला ओढली पाहिजे. वळवल्यावर तार ढिली पडली तर ती उलटी बांधलीय. वरून बघितलं तर दोन उजव्या आट्यांच्या बोल्टांमधली तार इंग्रजी एससारखी तिरकी दिसते. सहा बोल्टांच्या तीन जोड्या करा. शेवटी अर्धा इंच शेपटी, चार-पाच पिळांची, मध्याकडे आत वळवून दाबा, फिरणारा भाग आहे. कापताना टोक बोटांत धरा, उडून डोळ्यात जातं. काढलेली तार पुन्हा वापरायची नाही.

ईएमई_व्हेईकल_मेकॅनिक
वरची बांधणी बरोबर आहे, पण तार बोल्ट घट्ट ठेवत नाही. सैल झालेला बोल्ट पडू देत नाही, एवढंच तिचं काम. घट्टपणा येतो बोल्टच्या ताणातून. तो पंधरा दिवसांत का जातो ते आधी शोधा.

माझा पहिला संशय रंगावर. हबवर पावडर कोटिंग असेल तर बोल्टच्या डोक्याखाली तो थर दबत जातो. मिलिमीटरचा दहावा-विसावा भाग दबला तरी आखूड बोल्टचा ताण बराचसा जातो. डोक्याखालची जागा आणि हब-फ्लँजचा जोड, दोन्ही खरवडून धातू उघडा करा. स्प्रिंग वॉशर काढा, आडव्या कंपनात ते काही धरत नाहीत. त्यांच्या जागी कडक चपटे वॉशर. ८.८ च्या एम-१० ला साधारण ४५ ते ४९ न्यूटन-मीटर, एम-८ ला २५ च्या आसपास. टॉर्क पाना वापरून झाला की खालच्या आकड्यावर सोडून ठेवा, नाहीतर त्याची स्प्रिंग खोटं बोलायला लागते.

दुसरं कारण पाती. त्यांच्यावर गंधक आणि बोर्डोचा पापुद्रा चढतो, एका पात्यावर जास्त तर फॅनचा तोल गेला. पीटीओ (ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) ५४० आरपीएमला फिरत असला तरी गिअरबॉक्स फॅनला त्याच्या काही पट वेग देतो. तिथे दहा-वीस ग्रॅमही बोल्टांना हलवतात. पाती रोज पाण्याने धुवा, महिन्यातून एकदा तोल तपासा. फॅन मोकळा फिरवून सोडल्यावर दरवेळी तेच पातं खाली थांबलं तर ते जड आहे.

एव्हिएशन_टेक
एक भर. पात्यांच्या एम-८ नट-बोल्टांना तार बांधून उपयोग नाही. डोकं बांधून ठेवलं तरी नट फिरतोच. तिथे नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट घ्या, नटाबाहेर दोन आटे दिसले पाहिजेत. हाताने पूर्ण खाली उतरला तर नायलॉन संपलंय, नट बदला. हबच्या बोल्टांच्या आट्यांत लॉकटाइट २४३ (आटे धरून ठेवणारा द्रव गोंद) लावा, पण बोल्ट आणि भोक दोन्ही ॲसिटोनने तेलमुक्त करून. तेल राहिलं तर वरवर पकडलंसं वाटतं. पूर्ण पकड यायला २४ तास लागतात, तोवर ट्रॅक्टरला जोडू नका.

ब्लोअर_दुरुस्ती, पिंपळगाव बसवंत
धन्यवाद सर. हबवर पावडर कोटिंगच आहे. एक शंका, टॉर्क लागल्यावर भोक जोडीदाराच्या समोर आलं नाही तर बोल्ट थोडा मागे घेऊ का?

एअरफ्रेम_फिटर_निवृत्त
मागे अजिबात नाही. ४५ ला भोक जुळलं नाही तर ४९ पर्यंत पुढे न्या. तरी नाही जुळलं तर बोल्ट काढून दुसऱ्या जागी लावून बघा, किंवा वॉशर बदला. डोक्यात दोन आडवी भोकं असतील तर ही वेळ सहसा येत नाही. तार बांधून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून हबवर लाल ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढा. रोज सकाळी पीटीओ बंद, चावी खिशात, आणि सहाही रेघा बघायच्या. रेघ तुटलेली दिसली की त्या दिवशी फवारणी नाही.