विमान 'स्टॉल' होणे म्हणजे 'बंद पडणे' का? छोट्या विमानांच्या कामातले काही शब्द

कराडकर:
पुतण्या आमच्या कराडच्या विमानतळावर छोटं विमान शिकतोय, सेसना १५२. रोज घरी फोन करून सांगतो आज हे केलं ते केलं. परवा म्हणाला आज चार स्टॉल केले, तर घरात सगळ्यांना वाटलं विमान हवेत चार वेळा बंद पडलं आणि वहिनी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. याला मराठीत नेमका शब्द काय? आणि लिफ्टला, म्हणजे पंख विमानाला वर उचलून धरतो त्या जोराला, 'उचल' म्हटलं तर चालेल का? घरच्यांना समजेल असं लिहून द्यायचंय म्हणून विचारतोय.

मिरजकर:
बंद पडणे हेच बरोबर वाटतं. घाटात क्लच लवकर सोडला की गाडी स्टॉल होते असंच म्हणतो ना आपण. पेपरात पण तसंच वाचलंय.

सातारकर:
नाही हो दादा, इथं तोच शब्द घात करतो. मी बरीच वर्षं छोट्या विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीत स्टॉल होतं ते इंजिन, विमानात स्टॉल होतो तो पंख. इंजिनाचा काही संबंधच नाही, उलट फुल थ्रॉटल दिलेलं असताना, इंजिन बोंबलत असताना सुद्धा विमान स्टॉल होतं आणि पोरांना तसा स्टॉल मुद्दाम करून दाखवतात, आधी भरपूर उंची घेऊन, सर सोबत बसलेले असताना. तुमचा पुतण्या तेच करतोय, वहिनींना सांगा निवांत जेवा.

होतं काय, की पंख समोरून येणाऱ्या हवेला एका कोनात भिडतो. नाक वर ओढत गेलं की तो कोन वाढत जातो आणि तोवर लिफ्टही वाढत जाते, पण साधारण १५-१६ अंशांच्या पुढं हवा पंखाच्या पाठीला धरून वाहायचं सोडते, तिथं भोवरे होतात आणि लिफ्ट एकदम पडते. बास, हाच स्टॉल. उपाय पण त्यातच आहे, नाक खाली सोडायचं, कोन कमी करायचा, पॉवर द्यायची, की पंख परत धरतो. आता ज्याच्या डोक्यात 'बंद पडणे' बसलंय त्याचा हात आधी इंजिनाकडं जाणार, नाक तसंच वर धरून ठेवणार, आणि नेमकं तेच करायचं नसतं. म्हणून मी या शब्दाबद्दल एवढा आग्रह धरतो.

आणखी एक, लोक समजतात स्पीड कमी झाला की स्टॉल. निम्मंच खरं. १५२ फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, वर असताना सरळ उडताना ४८ नॉटच्या (ताशी ९० किलोमीटरच्या) आसपास स्टॉल होतं, पण तेच विमान ६० अंश कलवून उंची न सोडता वळवलं तर ६८ नॉटलाच होतं, कारण वळणात पंखावर दुप्पट भार येतो. म्हणजे 'मंदावणे' पण नको.

माझं मत, नाव म्हणून 'स्टॉल' तसाच ठेवा आणि समजावून सांगताना 'पंखानं हवा सोडली' म्हणा. हवा धरणे, हवा सोडणे हे आपल्याकडं ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि नाक खाली केलं की 'परत धरली' हे पण त्याच बोलण्यात बसतं.

'उचल' बद्दल, शब्द नेटका आहे पण आपल्या सांगली-साताऱ्यात उचल म्हटलं की आधी साखर कारखान्याची पहिली उचल डोळ्यासमोर येते, नाहीतर तोडणी टोळीनं मुकादमाकडून घेतलेली उचल. तरी मी म्हणेन वापरा, वाक्यात पंख आला की घोळ होत नाही. 'पंखाची उचल' म्हणा.

पाचगणीकर:
सहमत. आम्ही पॅराग्लायडिंगवाले, आमच्याकडं तर इंजिनच नाही, तरी स्टॉल होतोच! दोन्ही ब्रेक, म्हणजे हातातल्या दोऱ्या, प्रमाणाबाहेर खाली ओढून धरले की विंग उडायचं सोडून मागं पडते. त्यामुळं बंद पडण्याचा प्रश्नच येत नाही. आणि कृपया विंग मिटणं, म्हणजे कोलॅप्स, हे वेगळं, ते हवेच्या फटक्यानं एखादी बाजू दुमडते तेव्हा. पोरं दोन्हीला सरसकट 'गोता खाल्ला' म्हणतात, पतंगाचा शब्द आहे, छान आहे, पण गोता हा परिणाम झाला, कारण कळत नाही त्यातनं. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, मिळाल्यावर मात्र आम्ही 'घिरट्या' च म्हणतो, घार करते तेच करत असतो, त्याला दुसरा शब्द शोधायची गरजच नाही.

कराडकर:
मस्त, वहिनींना वाचून दाखवतो. अजून एक, पुतण्या म्हणाला मॅग्नेटो 'हॉट' असेल तर प्रॉपेलरला हात लावायचा नाही. गरम झालेला असतो का तो?

सातारकर:
हा फार कामाचा प्रश्न विचारला तुम्ही. गरम अजिबात नाही, बर्फासारखा गार असला तरी तो हॉट असू शकतो. अशा इंजिनात दोन मॅग्नेटो असतात आणि ते बॅटरीशिवाय, नुसत्या फिरण्यावर ठिणगी पाडतात. स्विच ऑफ करणे म्हणजे त्यांना करंट तोडणे नव्हे, उलट एका वायरनं त्यांना अर्थिंग देणे. ती वायर तुटली किंवा तिचा नट ढिला झाला की चावी ऑफ दाखवते पण मॅग्नेटो चालूच, आणि कुणी सहज प्रॉपेलर हातानं फिरवला तर इंजिन फायर होऊन पातं हातावर येतं. वायरमन ज्याला 'जिवंत तार' म्हणतो ना, अगदी तोच अर्थ. म्हणून 'जिवंत मॅग्नेटो' म्हणा, 'गरम' म्हणूच नका, नाहीतर कुणीतरी हात लावून बघेल गार आहे का.

हे पकडायचं कसं ते पण सांगतो. उड्डाणाआधी १७०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. एका वेळी एकावर चालवलं की आरपीएम थोडे पडायलाच पाहिजेत, १५२ ला १२५ पेक्षा जास्त पडू नयेत आणि दोन्हीतला फरक ५० च्या वर नको. नवीन पोरं काटा हलला नाही की खूश होतात, इंजिन एकदम फर्स्टक्लास म्हणून. काटा अजिबात न हलणं हीच शंकेची गोष्ट, कारण बंद केलेला बंद झालेलाच नाही. याला सगळे 'ड्रॉप' म्हणतात, तोच राहू द्या.

मघाशी एक राहिलं. १५२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं तोंड असतं, पंख हवा सोडायच्या बेतात आला की तिथनं हवा उलटी ओढली जाते आणि आत पिपाणी वाजते, स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधीच. सकाळी तपासताना त्या तोंडावर स्वच्छ रुमाल धरायचा आणि तोंड लावून हवा ओढायची, आवाज आला पाहिजे. रुमाल कशाला, तर धूळ आणि किडे तोंडात जाऊ नयेत म्हणून. कुंभारीण माशी अशा भोकात मातीचं घर करते, स्पीड मोजायच्या नळीत, म्हणजे पिटो ट्यूबमध्ये पण करते आणि मग स्पीडचा काटा खोटं बोलतो, म्हणून विमान उभं केलं की पिटोला कव्हर घालायचंच आणि उडण्याआधी आठवणीनं काढायचं. ही पिपाणी पुतण्याला फोनवर ऐकवायला सांगा, घरच्यांना पटेल की आधी इशारा मिळतो.

मिरजकर:
पटलं दादा, बंद पडणे मागं घेतो. आता ओव्हरहॉलचं सांगा, आमच्या गॅरेजला 'ओव्हरऑल' म्हणतात नाहीतर 'इंजिनकाम'. तुमच्याकडं टॉप ओव्हरहॉल म्हणतात ते वरवरचं काम का?

सातारकर:
वरवरचं नाही. सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह सगळं उतरतं, फक्त क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ते इंजिनाचं धड, उघडत नाहीत. म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरवाल्यांचं 'हाफ इंजिन'. आणि क्रँकसकट सगळं खोललं की 'फुल इंजिन', तोच मेजर ओव्हरहॉल, अशा बऱ्याच इंजिनांना कंपनी २००० तासांच्या आसपास सांगते. फरक एवढाच की ट्रॅक्टर धूर ओकायला लागला की आपण इंजिन खोलतो, इथं इंजिन गोड चाललेलं असलं तरी ५० तासांना ऑइल, १०० तासांना पूर्ण तपासणी, आणि प्रत्येक कामाची सहीनिशी नोंद लॉगबुकात. हाफ इंजिन, फुल इंजिन बिनधास्त वापरा, आमच्या हँगरमधली मिरज-कुपवाडची पोरं तेच बोलतात.