फोटो फिरवायला एडिटर उघडायचाच कशाला?

आडवाउभा
सहलीचे तीनशेच्या वर फोटो, त्यातले शंभरेक आडवे पडलेले. आमचा मित्र एकेक फोटो एडिटरमध्ये उघडतो, फिरवतो, सेव्ह करतो, बंद करतो. रात्र गेली त्याची. ९० अंशात फिरवायला एडिटर हे हत्यारच चुकीचं, असं माझं मत. वेळ जातोच, वर फोटोही झिजतो. जेपेगमध्ये (फोटो साठवायच्या नेहमीच्या प्रकारात) चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत साठवलेलं असतं. एडिटर ते उलगडतो आणि सेव्ह करताना नव्याने दाबतो, त्यात थोडा तपशील जातो. जेपेगट्रान किंवा इरफानव्ह्यू या प्रोग्रॅमचं लॉसलेस (म्हणजे काही न गमावता) फिरवणं त्या चौकटींतले आकडेच इकडचे तिकडे करतं. अख्खा फोल्डर एका फटक्यात.

मोठीनजर
असहमत. ही झीज डोळ्यांना दिसली का कधी? चांगल्या क्वालिटीला एकदा सेव्ह केलेला फोटो मूळ फोटोशेजारी ठेवतो, ओळखून दाखवा. शिवाय क्षितिज तिरकं असतं त्याचं काय? दीड अंश फिरवायचं तर पिक्सेल नव्याने मोजावेच लागतात, कोपरेही कापावे लागतात. तिथे तुमचं लॉसलेस हात वर करणार. एडिटर उघडलाच आहे तर ९० अंशही तिथेच.

आडवाउभा
दीड अंशाचं कबूल. पण शंभरातल्या किती फोटोंचं क्षितिज सरळ करता? माझे चार-पाच. त्यांच्यापायी बाकीच्यांना वेठीला का धरायचं?

टॅगवाली
दोघंही उगाच घाम गाळताय. फोन उभा धरला तरी बहुतेकदा चित्र आडवंच साठवलं जातं, फक्त एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) ओरिएंटेशनचा आकडा पडतो. १ म्हणजे आहे तसं दाखवा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश, ८ म्हणजे उलट दिशेने, ३ म्हणजे पुरतं उलटं. एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने आकडा बदला, चित्राला बोटही लागत नाही.

मोठीनजर
आणि तो आकडा न वाचणारा प्रोग्रॅम भेटला की? माझ्या एका स्लाइडशोत सगळी मंडळी कुशीवर झोपलेली! काही प्रोग्रॅम तर चित्र फिरवतात आणि ६ चा १ करायला विसरतात. मग फोटो दुसरीकडे आणखी ९० अंश गरकन फिरतो.

टॅगवाली
पोळलेय मी त्यात. पण ती खोड प्रोग्रॅमची, आकड्याची नाही. मोठे ब्राउझर २०२० पासून तो आपणहून पाळतात.

काठावरचा
लॉसलेसवाल्यांनी एक गोष्ट सांगितलीच नाही. रंगाचा तपशील दोन्ही दिशांनी निम्मा केलेल्या जेपेगमध्ये (पुष्कळ फोनचे तसेच असतात) हिशेब १६ बाय १६ ने चालतो. ४०००×३००० चा आडवा फोटो घ्या. ४००० ला १६ ने भाग जातो, ३००० ला नाही, ८ उरतात. म्हणजे डावीकडे फिरवला तर निर्धोक. उजवीकडे फिरवला की कडेला ८ पिक्सेलची पट्टी भलत्याच जागी राहते, नाहीतर 'ट्रिम' देऊन ती कापावी लागते. ४०३२×३०२४ ला हा त्रास नाही.

आडवाउभा
लपवलं नव्हतं हो, ३००० ला भागूनच पाहिलं नव्हतं. आता जेपेगट्रानला 'परफेक्ट' सांगून चालवतो. जे नीट बसत नाहीत ते तो नाकारेल, त्यांना ट्रिम.

मोठीनजर
वा! कापलेली पट्टी चालते आणि माझी न दिसणारी झीज चालत नाही?

आडवाउभा
पट्टी एकदाच जाते. तुम्ही मात्र पुढच्या वेळी तोच फोटो पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह करणार.

मोठीनजर
मूळ प्रत ठेवतो मी वेगळी. तुम्ही ठेवता का?