प्रार्थनेत मन लागत नाही, सेवेने देव जवळ वाटतो का?

प्रश्न: रोज बायबल वाचते, उपासनेला जाते, तरी आतून कोरडंच वाटतं. पाळकसाहेब म्हणतात सेवेला ये. खरंच फरक पडतो का?

मिरजकर: पडतो ताई. मी रविवारी दुपारी सरकारी दवाखान्यात जातो, ज्यांचं कोणी नाही त्यांना पेज भरवायची, नखं कापायची, आणि असंच एका आजोबांचं तोंड पुसताना मत्तय 25, म्हणजे बायबलमधला तो अध्याय जिथे येशू म्हणतो की गरजूंसाठी केलं ते माझ्यासाठीच केलं, तो पहिल्यांदा नीट कळला मला.

एक बहीण: पंडिता रमाबाईंचं बघा ना, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिथे प्रार्थनाही तेवढ्याच कळकळीने चालायची. त्यामुळे प्रार्थना सोडू नका हं. आणि स्टेजवरचं नको, आधी भांडी घासायचं काम मागून घ्या.

प्रश्नकर्ती: थँक्यू दोघांना, दवाखान्याचंच विचारते मग.