तारावा १९४३: खडकावर अडकलेल्या होड्या आणि सैनिकांच्या आठवणी

कोथरूडकर
आमच्या वाचनकट्ट्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या, पॅसिफिकमधल्या तारावाच्या लढाईवर अर्धा तास बोलायचंय. जपान्यांवर चालून गेलेल्या अमेरिकन मरीन सैनिकांच्या आठवणींत एक गोष्ट सारखी येते: होड्या किनाऱ्यासमोरच्या प्रवाळखडकावर अडकल्या, मग छातीभर पाण्यातून, गोळीबारात चालत किनारा गाठला. अंतर कुणी पाचशे यार्ड सांगतं, कुणी बरंच जास्त. धरायचं काय? आणि भरतीचा अंदाज इतका चुकलाच कसा?

उधाण
२० नोव्हेंबर म्हणजे वद्य अष्टमीच्या आसपास, भांगाचे दिवस. भरती मुळातच बेताची. त्यात चंद्र पृथ्वीपासून लांबच्या टप्प्यात. हे गणित डोनाल्ड ओल्सन यांनी १९८७ साली मांडलं. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी हिगिन्स होडी भरलेली असली की मागच्या बाजूला तीनेक फूट बुडते, म्हणजे तिला निदान चार फूट पाणी हवं. तेवढं खडकावर चढलंच नाही. बरं, कुणाला कल्पनाच नव्हती असंही नाही. मेजर फ्रँक हॉलंड त्या बेटांवर राहिलेले होते, त्यांनी आधीच बजावलं होतं.

खडकवासला
अंतरावरून भांडत बसू नका. आधी बघा, माणूस हल्ल्याच्या कितव्या लाटेत, म्हणजे तुकडीत, होता आणि कुठल्या किनाऱ्यावर उतरला. पहिल्या तीन लाटा पाण्यात नि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या अ‍ॅमट्रॅकमधून आल्या. त्यांना पट्टे असल्यानं त्या खडकावर चढून थेट वाळूपर्यंत गेल्या. त्यांच्या आठवणीत चालणं कमी, बांधावरची झटापट जास्त. चालत आले ते मुख्यतः मागचे, होड्यांतले. रेड १, २, ३ या किनाऱ्यांसमोर खडकाची रुंदी सारखी नाही, शिवाय बरेच जण सरळ न येता लांब धक्क्याच्या आडोशानं आले. दोन्ही आकडे खरे असू शकतात.

मग मागच्यांना अ‍ॅमट्रॅक का नाहीत? होत्याच १२५. पत्रा पातळ, गोळ्यांनी चाळण व्हायची. पुढची माणसं आणायला खोल पाण्यात परतल्या की कित्येक बुडाल्या. त्यात बिनतारी संच भिजून बंद, त्यामुळे किनाऱ्यावर काय चाललंय ते जहाजांवर धड कळेना.

आणि नकाशा फक्त बेतिओचा लावा, म्हणजे तारावातल्या ज्या बेटावर लढाई झाली त्याचा. अख्ख्या प्रवाळकड्याच्या नकाशावर लढाईची जागा शोधावी लागते. बेतिओ सगळ्यात रुंद जागी ७०० मीटरच्या आसपास, उंची जेमतेम तीन मीटर. पर्वती सोडा, साधा उंचवटाही नाही.

कोथरूडकर
लाटेचा मुद्दा पटला. जपानी बाजूच्या आठवणी कुठे मिळतील?

उधाण
फार थोड्या. साडेचार हजारांहून जास्त माणसांतले १४६ जिवंत हाती लागले, त्यांतले १२९ कोरियन मजूर. सैनिक फक्त १७.