भाताच्या राखणीला रात्री बारा बोअर: काय काय सांभाळावं?

भातवाला_कुडाळ
भात पोटरीला आलंय आणि डुकरं रोज रात्री उतरतायत. घरात शेतीसंरक्षण परवान्यावरची जुनी बारा बोअर (छर्ऱ्याची) दुनळी आहे, बाहेर घोडे, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारे खटके, असलेली. वनखात्याकडे अर्ज दिलाय. राखणीला आम्ही चौघं, बंदूक एकच. कुणाला इजा होऊ नये म्हणून नेमकी पद्धत कशी ठेवावी? काडतुसं चार वर्षांपूर्वीची आहेत, चालतील का?

जांभा
आधी कागद. परवाना बंदूक बाळगायचा आहे, डुक्कर मारायचा नाही. ती मुभा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली लेखी मिळते. पत्र हातात येईपर्यंत डबे वाजवा, हाळी द्या, बंदूक घरीच ठेवा.

आता खरा धोका. राखणीत माणसं मरतात ती डुक्कर समजून. बॅटरीत काहीतरी चमकलं म्हणून चाप ओढायचा नाही. डुकराचे डोळे गुरांसारखे लखलखत नाहीत, त्यामुळे लखलखले तर ते वासरू, कुत्रा किंवा भेकर असण्याचीच शक्यता जास्त. मुस्काट, कान आणि पाठीची रेघ असं सगळं जनावर दिसलं पाहिजे आणि त्याच्यामागे माती दिसली पाहिजे. म्हणून मचाण आठ-दहा फूट उंच बांधा. बार खाली जातो आणि छर्रे जमिनीत रुततात. सपाटीवरून मारलेला एलजीचा (मोठ्या छर्ऱ्याच्या काडतुसाचा) दाणा चुकला तर पाचशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, जांभ्या दगडावर आपटून भलतीकडेही वळतो.

बाकीचे तिघे बंदुकीच्या मागे, एकाच जागी. लघवीला उठायचं तरी आधी तोंडाने सांगायचं, बंदूक बिजागरीत मोडून उघडली जाईपर्यंत थांबायचं. हाकारा घालायला शेतात कुणी उतरायचं नाही. शेजारच्या मळ्यांत संध्याकाळीच कळवून ठेवा.

दुनळी_दुरुस्ती
घोड्यांच्या बंदुकीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिला वेगळा सेफ्टी कॅच (चाप अडवून ठेवणारी कळ) बहुतेक नसतो.

घोडा पूर्ण खाली असताना तो पिनेला (काडतुसाच्या बुडावर ठोका देणाऱ्या खिळीला) टेकून राहतो का बघा. चांगल्या बंदुकीत घोडा पडला की आपोआप किंचित मागे येतो. टेकून राहत असेल तर भरलेल्या बंदुकीच्या घोड्यावर नुसता धक्का बसला तरी बार उडतो. परवानाधारक कारागिराकडून दुरुस्त झाल्याशिवाय ती वापरू नका.

चढवलेला घोडा काडतुसावर अंगठ्याने उतरवू नका. दवाने ओला अंगठा निसटतोच. आधी बंदूक उघडा, काडतुसं काढा, मग घोडे उतरवा. गडगा ओलांडताना आणि मचाणावर चढतानाही हेच. रिकामी बंदूक दोरीने वर ओढायची, नळी खाली ठेवून.

नळी रोज उजेडाकडे धरून आरपार बघा. भिंतीला टांगलेल्या बंदुकीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण तसाच बार काढला तर नळी फाटते. चिखलात टोक टेकलं तरी तोच प्रकार.

काडतुसं: पितळी बूड हिरवं पडलेलं, प्लॅस्टिक फुगलेलं किंवा नळीत सहज न बसणारं असेल तर बाजूला काढा. दाबून बसवू नका, चुलीजवळ वाळवू तर मुळीच नका. नळ्या सुट्या करून खालच्या सपाट भागावरचे आकडे वाचा. जुन्या बंदुकीत 65 मिलिमीटरची जागा असेल तर 70 चं काडतूस आत जातं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

जांभा
चाप ओढूनही बार झाला नाही तर? हे आधीच चौघांना सांगून ठेवायला हवं.

दुनळी_दुरुस्ती
बरोबर. नळी मोकळ्या जमिनीकडे धरून किमान 30 सेकंद थांबा, बार उशिराही होतो. मग तोंड बाजूला घेऊन उघडा. आवाज नुसता फुसका आला तर काडतुसातलं दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच नळीत अडकलेलं असू शकतं. नळी तपासल्याशिवाय दुसरा बार नको.

भातवाला_कुडाळ
डुक्कर जखमी होऊन करवंदीत शिरलं तर?

जांभा
रात्री मागे जायचं नाही, कितीही रक्त दिसलं तरी. सुळा नेमका मांडीवर बसतो आणि तिथली मोठी रक्तवाहिनी तुटली की मिनिटांचा खेळ असतो. तसं झालंच तर फडका जखमेत कोंबून दोन्ही हातांनी सगळं वजन टाका आणि दुसऱ्याला 108 ला फोन लावायला सांगा. म्हणून 25-30 मीटरच्या आत आलेल्या, कूस आपल्याकडे करून उभ्या असलेल्या जनावरावरच बार घ्यायचा. लांबून छर्रे पसरतात आणि डुक्कर जखमी होऊनच पळतं.