‘सीमाभाग’ आणि ‘वसाहत’: तैवानसाठी कोणते शब्द?

चकवा: तैवानच्या इतिहासावरचा लेख मराठीत करतोय आणि दोन शब्दांशी अडलोय. १६८४ मध्ये चीनच्या चिंग राजवटीने बेट आपल्या राज्याला जोडलं, तेव्हापासून ते ‘फ्रंटियर’. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने जपानकडे गेलं, तेव्हापासून ‘कॉलनी’. पहिल्याला ‘सीमाभाग’ लिहिलं की बेळगाव-निपाणी डोळ्यांपुढे येतं. दुसऱ्याला ‘वसाहत’ लिहिलं की एमआयडीसीची पाटी. सुचवा.

बोरीबाभळी: सीमाभाग नकोच. त्यात दोन्हीकडे सरकार असतं आणि मधली गावं कुणाची यावर भांडण. तैवानात एका बाजूला पेकिंगचा (आजचं बीजिंग) अंमल, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि तिथले आदिवासी. ‘सरहद्द’ म्हणाल तर ती रेघ झाली. फ्रंटियर हा पट्टा असतो.

चकवा: पण रेघही होती ना! डोंगरात जायला बंदी म्हणून १७२२ मध्ये हद्दीचे दगड रोवले. पुढे चर खणले आणि निघालेली माती कडेला ढिगांनी टाकली. ते ढीग बसलेल्या बैलांसारखे दिसायचे, म्हणून नाव ‘तू-न्यू’, मातीचे बैल. ताइचुंगकडे त्या नावाची जागा अजून आहे.

कापूसकोंड्या: आम्ही मातीचे बैल बेंदराला पूजतो, त्यांनी हद्दीवर राखणीला बसवले 🙂

बोरीबाभळी: आणि राखण झाली नाहीच. समोरच्या चिनी किनाऱ्यावरच्या फूच्येनकडून आलेले शेतकरी बैल ओलांडून रान फोडत आणि सरकार मागाहून हद्द पुढे सरकवत असे. आदिवासींचीही वाटणी केलेली: अमलाखाली येऊन कर भरणारे ‘शू’, न येणारे ‘शंग’. शब्दशः शिजलेले आणि कच्चे. मी ‘मुरलेले’ आणि ‘कच्चे’ करीन. म्हणून तुमच्या पट्ट्याला ‘सरहद्दीचा मुलूख’ म्हणा. मुलूख म्हटलं की रेघ आपोआप रुंद होते.

जुनं दप्तर: शब्दावरून केवढं घडू शकतं, ते याच बेटावर दिसतं. १८७१ मध्ये र्‍युक्यूचं (जपान आपली म्हणवत असलेली बेटं, आजचं ओकिनावा) जहाज दक्षिण किनाऱ्याला फुटलं, ५४ जणांना तिथल्या पायवान आदिवासींनी मारलं. जपानने जाब विचारला तर चिंग अधिकारी म्हणाले, ते कच्चे लोक आमच्या अमलाबाहेरचे. हात झटकायला गेले आणि तेच अंगाशी आलं. अमलाबाहेरचे, म्हणजे मुलूख बेवारस, असा अर्थ जपानने लावला आणि १८७४ मध्ये फौज उतरवली. ती परत न्यावी म्हणून पेकिंगला पाच लाख टेल (चिनी वजन) चांदी मोजावी लागली.

चकवा: हे लेखात घेतोच. आणि ‘वसाहत’?

जुनं दप्तर: वसाहत ‘वसणे’वरून. मग वसलं कोण? चिनी शेतकरी वसले, तेही चिंग काळात. जपानी अमलात १९३० च्या दशकातही जपानी माणूस शेकडा पाच-सहाच होता, त्यातही बरेच अधिकारी, पोलीस, शिक्षक. म्हणजे खरी वसाहत आधीची, आणि इतिहासात तो शब्द लागतो नंतरच्या काळाला.

कापूसकोंड्या: मग ‘अंकित प्रदेश’?

जुनं दप्तर: नको, मांडलिक राजा असल्यासारखं वाटतं. इथे राजा नव्हता, थेट गव्हर्नर-जनरलचा हुकूम. कापूरसुद्धा १८९९ पासून सरकारी मक्त्यात. ‘वसाहत’च ठेवा, पण नेहमी मालकासकट: ‘जपानची वसाहत’. आपल्याकडे ‘वसाहतीचे स्वराज्य’ मागितलं तेव्हा कुणाला घरांची वसाहत आठवली नसेल.

बोरीबाभळी: सहमत. चिनी शेतकऱ्यांसाठी मात्र ‘वस्ती’ लिहा, नाहीतर एकाच पानावर दोन वसाहती होतील.

चकवा: ठीक. आता राहिला मधला तुकडा. १८८५ मध्ये चिंगांनी तैवानला स्वतंत्र ‘प्रॉव्हिन्स’ केलं, ल्यू मिंगछ्वानला वर नेमलं. प्रांत की सुभा?

कापूसकोंड्या: सुभा! ल्यू मिंगछ्वान पहिला सुभेदार. दहा वर्षांचा सुभा.

जुनं दप्तर: सुभेदार म्हटलं की पागोटं दिसतं हो. ‘प्रांत’ लिहा.