बारावीनंतर अमेरिका: खाजगी विद्यापीठांची यादी कशी करावी?

कोथरूडची आई:
मुलगी बारावी सायन्सला आहे, फिजिक्सच करायचंय म्हणते. एमआयटी, हार्वर्ड, यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) आणि एमहर्स्ट कॉलेज ही तिची यादी. आमच्याकडे चार वर्षांचे मिळून ६० लाख आहेत, त्यापुढे राहतं घर गहाण टाकणार नाही. कुठे आशा धरावी? इथल्या एका समुपदेशकाने पॅकेजचे साडेतीन लाख सांगितलेत, ते द्यावेत का?

बाणेरकर:
ताई, आधी यूएससी काढा. तिथे परदेशी मुलांना घरची परिस्थिती बघून मदत मिळत नाही, फक्त गुणवत्तेवर शिष्यवृत्ती, तीही मोजक्यांना. राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ९०,००० डॉलरच्या वर जातो, म्हणजे तुमचे ६० लाख पहिल्याच वर्षी संपतील.

उरलेल्या तिघांचं उलट आहे. एमआयटी, हार्वर्ड आणि एमहर्स्ट परदेशी मुलांचाही अर्ज ऐपत न बघता वाचतात आणि निवड झाली की गरजेएवढी मदत देतात. पैशांचा प्रश्न सुटतो, पण प्रवेश महाकठीण. एमआयटीत एकूण साडेचार टक्क्यांच्या आसपास मुलं घेतात, परदेशी मुलांत जेमतेम २ टक्के. तेवढ्याच भरवशावर राहू नका.

स्वार्थमोर, विल्यम्स या कॉलेजांचाही विचार करा. तीही गरजेएवढी मदत देतात, पण परदेशी मुलाने मदत मागितली आहे का, हे निवड करताना बघतात. म्हणून काही जण सुचवतात, "आत्ता मागू नका, पुढच्या वर्षी मागा." कृपया हे ऐकू नका! बऱ्याच कॉलेजांत सुरुवातीलाच मदतीचा अर्ज केला नाही तर परदेशी मुलांना नंतर मागताच येत नाही.

कोथरूडची आई:
मदतीसाठी काय काय दाखवावं लागतं?

सहकारनगर_मावशी:
बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या आर्थिक परिस्थितीचा ऑनलाइन फॉर्म, भरायचं. दोघांचं उत्पन्न, आयटी रिटर्न, बँकेतली शिल्लक, आणि भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट असेल तर तोही. दिवाळीच्या आत सीएकडून कागद करून घ्या. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर असतो, पण तो परदेशी मुलांसाठी आहे ना ते आधी बघा.
साडेतीन लाख मात्र अजिबात देऊ नका गं. मुंबईत यूएसआयईएफमध्ये (भारत-अमेरिका शैक्षणिक संस्था) एज्युकेशनयूएसएचं, म्हणजे अमेरिकन सरकारच्या शिक्षण-सल्ला सेवेचं, केंद्र आहे, प्राथमिक माहिती तिथे फुकट मिळते.

पाषाणचा_दादा:
फिजिक्सच करायचं असेल तर आयसर पुणे ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था यादीत हवीच. पाच वर्षांचा बीएस-एमएस, खर्च तुमच्या बजेटच्या कितीतरी आत. आयएटीचा, म्हणजे तिथल्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म चुकवू नका, अमेरिकेचे निकाल काहीही लागोत.